वर्धा खोऱ्यातला कोळसा आणि वेकोलिची पन्नास वर्षे

वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडची नोंदणी २९ ऑक्टोबर १९७५ रोजी झाली. तीनच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, कोल इंडिया ही शिखर कंपनी अस्तित्वात आली आणि नागपुरात मुख्यालय असलेली आपली कंपनी तिची उपकंपनी म्हणून कामाला लागली. विदर्भाच्या बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत तिचे नाव ‘वेकोलि’ असे रुळले आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतल्या या लेखातही तेच वापरले आहे.

नोंदणीच्या तारखेपासून सुरू केलेला इतिहास मात्र अर्धवट राहील. वेकोलिच्या ताब्यात आलेल्या खाणींपैकी अनेक त्याआधी कित्येक दशके चालू होत्या. वर्धा नदीच्या खोऱ्यातून पहिला कोळसा आगगाडीने बाहेर गेला तो १८७० च्या दशकात. म्हणजे कंपनीचे वय पन्नास असले, तरी या कामाचे वय दीडशेच्या घरात आहे आणि त्यात खपलेल्या पिढ्या पाच-सहा तरी भरतील.

या दीडशे वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते. जमिनीखालचा कोळसा मोजका असतो, तो एक दिवस संपतो. त्याच्याभोवती जमलेली माणसे मात्र तिथेच राहिलेली असतात. त्यांची मुले तिथल्या शाळेत शिकलेली असतात, म्हातारे तिथल्याच स्मशानात गेलेले असतात. म्हणून हा इतिहास उत्पादनाच्या तक्त्यांपेक्षा वस्तीच्या बाजूने लिहिला आहे. संस्थेने काय कमावले हे सांगताना, कोणाच्या श्रमावर आणि कोणाच्या जमिनीवर कमावले हेही सांगणे आपले कर्तव्य आहे.

जमिनीखालचा वारसा

विदर्भाचा कोळसा गोंडवन काळातला. सुमारे अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन युगात, इथल्या दलदलीतल्या वनस्पती गाळाखाली गाडल्या गेल्या आणि त्यांचे थर दबून कोळसा झाला. ज्या खडकांत तो सापडतो त्यांना भूशास्त्रात बराकर म्हणतात. नागपूरजवळ या थरांवर वालुकाश्माचे जाड आवरण आहे. त्या वालुकाश्माला भूशास्त्रज्ञांनी कामठी गावाचेच नाव दिले आणि आज देशभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत ते वापरले जाते.

चंद्रपूर-यवतमाळ पट्ट्यातला वर्धा खोऱ्याचा कोळसा वरोऱ्यापासून भद्रावती, घुग्घुस, चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा असा दक्षिणेकडे पसरत जातो आणि पुढे तेलंगणातल्या गोदावरी खोऱ्याच्या क्षेत्राला मिळतो. इथला मुख्य थर काही ठिकाणी पंधरा मीटरहून जाड आहे. हा कोळसा पोलाद गाळण्याच्या भट्टीला चालत नाही. त्यात राख बरीच आणि ओलावाही बराच. बाहेर काढून ढीग करून ठेवला, तर हवेच्या संपर्काने आतल्या आत तापून तो पेट घेतो. या स्वभावामुळे इथल्या खाणकामगारांना आग ही कायमची शेजारीण मिळाली. पण बॉयलरखाली जाळायला हा कोळसा उत्तम. आधी रेल्वेची इंजिने आणि कापडगिरण्या, नंतर औष्णिक वीजकेंद्रे अशी त्याची गिऱ्हाइके ठरली ती त्यामुळेच.

१८६० च्या दशकात, चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्याचे ब्रिटिश अधिकारी मेजर ल्युसी-स्मिथ यांच्या काळात, वर्धेच्या काठच्या कोळशाची पद्धतशीर पाहणी सुरू झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ह्यूज यांनी या खोऱ्यावर लिहिलेला सविस्तर प्रबंध १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर वरोऱ्याला सरकारी खाण उघडली गेली होती आणि तिच्यासाठी वर्ध्याहून खास रेल्वेमार्गही टाकला जात होता. त्याचे नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ असे होते. हिंगणघाट-वरोऱ्याच्या काळ्या मातीतला कापूस आणि तिच्याखालचा कोळसा एकाच रुळावरून बाहेर पडू लागले.

वरोऱ्याचा धडा

वरोऱ्याची खाण तीसेक वर्षे चालली आणि १९०६ मध्ये बंद झाली. सरकारने लक्ष दक्षिणेकडे, बल्लारपूरकडे वळवले. रेल्वेही त्या दिशेने वाढली आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस बल्लारपूर-काझीपेठ जोडमार्ग पुरा झाल्यावर दिल्ली-मद्रास हा मधला रस्ता खुला झाला. बल्लारपूर, घुग्घुस, राजूर, चंद्रपूरच्या वेशीवरचे महाकाली, लालपेठ आणि रयतवारी अशा कोलिअऱ्यांची नावे या काळापासून ऐकू येऊ लागतात. सातपुड्याच्या पलीकडे, छिंदवाडा जिल्ह्यातल्या पेंच आणि कन्हान खोऱ्यांत शॉ वॉलेस यांच्यासारख्या कंपन्यांनी खाणी उघडल्या. आज तो सगळा मुलूख वेकोलिच्याच कक्षेत आहे.

वरोऱ्यात काय राहिले, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारलेला नाही. खाण गेल्यावर खाणीचे गाव पुन्हा बाजाराचे आणि कापसाचे गाव झाले. आज वरोरा म्हटले की सगळ्या महाराष्ट्राला बाबा आमट्यांचे आनंदवन आठवते. विदर्भातली पहिली मोठी कोळसाखाण इथे होती, हे तिथल्या तरुण पिढीलाही सांगावे लागते. तिथे राबलेल्या माणसांची नावे कोणी जपली नाहीत. पुढे वेकोलिने वरोरा तालुक्यातच एकोना खाण सुरू केली आणि शतकभराने कोळसा त्या मातीत परत आला. पण मधल्या काळाची आठवण पुसली गेली ती गेलीच. स्मरणिकेला हा धडा पहिल्यांदा नोंदवावासा वाटतो.

ठेकेदारीचे दिवस

राष्ट्रीयीकरणापूर्वीच्या खाणीत कामगाराचा मालक सहसा त्याला दिसत नसे. दिसे तो ठेकेदार. तोच माणसे आणायचा, तोच भरलेल्या टबामागे, म्हणजे कोळशाच्या डब्यामागे, मजुरी द्यायचा, आगाऊ रक्कम देऊन तोच त्यांना बांधून ठेवायचा. मजुरी किती टब भरले यावर ठरे. टब अर्धवट भरला किंवा त्यात दगड निघाला असा शेरा पडला, तर तो टब मोजणीत धरला जात नसे.

ही माणसे आली ती चहूकडून. आसपासच्या गावांतले गोंड, दलित आणि भूमिहीन कुणबी. करीमनगरकडचे तेलुगू भाषक. छत्तीसगढचे सतनामी आणि इतर. पूर्व उत्तर प्रदेश-बिहारकडचे. दुसऱ्या महायुद्धात कोळशाची मागणी वाढली, तेव्हा सरकारने गोरखपूरहून टोळ्याच्या टोळ्या भरती करून देशातल्या खाणींवर पाठवल्या. ‘गोरखपुरी मजूर’ हा शब्द कोळसा भागात तेव्हापासून रुळला. राहायला एका खोलीच्या चाळी. धूर जायला वाट नाही, पाण्याला रांग.

बायका नवऱ्याच्या बरोबरीने खाली उतरत. तो कापायचा, ती टोपली डोक्यावर घेऊन टबापर्यंत न्यायची. १९२९ च्या नियमांनी बायकांना भूमिगत कामातून टप्प्याटप्प्याने बाहेर काढायचे ठरले आणि १९३७ पर्यंत ती बंदी पूर्ण अमलात आली. युद्धकाळात, १९४३ मध्ये, ती उठवली गेली आणि १९४६ च्या फेब्रुवारीत पुन्हा लागू झाली. या निर्णयांमागची करुणा खरी होती. पण जोडप्याच्या कमाईतला अर्धा वाटा गेला आणि त्याची भरपाई कोणी केली नाही, हेही खरे.

याच वर्षांत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४३ च्या डिसेंबरात ते झरिया-धनबादच्या कोळसाक्षेत्रात गेले, स्वतः खाणीत उतरले आणि कामगारांची घरे पाहून आले. पाठोपाठ १९४४ च्या जानेवारीत कोळसाखाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावरच्या उपकरातून कामगारांची घरे, दवाखाने, पाणी आणि शिक्षण यांचा खर्च व्हावा, ही त्यामागची कल्पना. १९४७ मध्ये तिचा कायदा झाला. खाणीच्या तोंडाशी अंघोळीची सोय आणि कामावर येणाऱ्या आयांच्या मुलांसाठी पाळणाघर, हे नियमही १९४६ पर्यंत आले. १९४८ मध्ये कोळसाखाण भविष्य निर्वाह निधी आला. आज आपल्या दवाखान्यांत आणि वसाहतींत जे दिसते, त्याचे मूळ या चार-पाच वर्षांत आहे.

कायदा आला म्हणून मृत्यू थांबले नाहीत. १० डिसेंबर १९५४ रोजी पेंच खोऱ्यातल्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसले आणि ६३ माणसे बुडाली. जुन्या, सोडून दिलेल्या खाणीत साठलेले पाणी हा भूमिगत खाणीचा सर्वांत दगाबाज शत्रू. ते कुठवर आले आहे हे जुन्या नकाशांवरून ठरवायचे, आणि नकाशा चुकीचा असेल तर त्याची किंमत खाली उतरलेल्या पाळीने मोजायची.

१ मे १९७३

कोक बनवण्याजोग्या कोळशाच्या खाणी सरकारने १९७१ मध्ये ताब्यात घेतल्या आणि १ मे १९७२ रोजी त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. आपल्या भागातल्या खाणी दुसऱ्या प्रकारच्या. ३० जानेवारी १९७३ च्या वटहुकुमाने त्यांचे व्यवस्थापन सरकारकडे आले आणि १ मे १९७३ रोजी देशातल्या अशा ७११ खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. या निर्णयामागे उभे असलेले पोलाद आणि खाण मंत्री मोहन कुमारमंगलम त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ मे रोजी, विमान अपघातात गेले.

महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच तारखेला. त्यात कोलिअऱ्यांसाठी तिसरी गोष्ट जमा झाली. ठेकेदाराच्या वहीतले नाव सरकारी हजेरीपटावर आले, हा बदल कामगारांच्या घरांत किती मोठा ठरला हे त्या पिढीच्या बोलण्यातून अजून कळते. नाव नोंदले गेले म्हणजे भविष्य निर्वाह निधी आला, रजा आली, आजारपणात पगार आला. कामगार संघटनांशी वाटाघाटी करून झालेला पहिला राष्ट्रीय कोळसा वेतन करार १ जानेवारी १९७५ पासून लागू झाला. आयटक, इंटक, हिंद मजदूर सभा, भारतीय मजदूर संघ आणि सिटू या केंद्रीय संघटनांचे झेंडे पुढे प्रत्येक खाणीच्या फाटकावर दिसू लागले. त्यांच्यात स्पर्धा होती, कधी कटुताही होती. तरी वेतन करारांची ही परंपरा अखंड चालू आहे आणि अकरावा करार १ जुलै २०२१ पासून लागू झाला.

राष्ट्रीयीकरणानंतरची पहिली दोन वर्षे कोल माइन्स ऑथॉरिटीच्या पश्चिम विभागाने कारभार पाहिला. १९७५ मध्ये त्या विभागाची वेकोलि झाली. कंपनीला जेमतेम तीन आठवडे झाले होते तोच, १८ नोव्हेंबर १९७५ रोजी, नागपूर जिल्ह्यातल्या सिलेवाडा खाणीत पाणी शिरून दहा कामगारांचा जीव गेला. सुवर्णमहोत्सवाच्या यादीत स्थापनेनंतर लगेच येणारी ही तारीख आहे. ती गाळून पुढे जाता येणार नाही.

खाणीतला दिवस

बाहेरच्या वाचकाला भूमिगत खाणीतला दिवस माहीत नसतो, म्हणून तो थोडा सांगायला हवा. पाळीवर आलेला कामगार आधी हजेरी लावतो, मग लॅम्परूममध्ये जाऊन कॅप लॅम्प घेतो आणि आपले टोकन तिथे ठेवतो. पाळी सुटल्यावर दिवा परत येतो, टोकन परत जाते. एखादे टोकन खुंटीवर राहिले, तर त्या क्रमांकाचा माणूस अजून खाली आहे असा त्याचा अर्थ. मग त्याचा शोध घेतल्याशिवाय कोणी घरी जात नाही.

खाली जायचा रस्ता बहुतेक ठिकाणी इनक्लाइनचा, म्हणजे उतरत्या बोगद्याचा. काही खाणींत उभ्या शाफ्टचा. कामाच्या जागी सर्वांत आधी पोचतो तो माइनिंग सरदार. हवा तपासणे, वायू तपासणे आणि छत तपासणे ही त्याची जबाबदारी. छत तपासण्याची जुनी पद्धत अशी की, काठीने ठोकायचे आणि कान द्यायचा. खणखणीत आवाज आला तर दगड धरून आहे. पोकळ, बद्द आवाज आला तर तो सुटू पाहतो आहे. यंत्रे आली तरी हा कान अजून कामाला येतो. चंद्रपूरच्या जंगलातले लाकूड वर्षानुवर्षे टेकू म्हणून खाली गेले. नंतर पोलादी टेकू आणि छतात ठोकायचे रूफ बोल्ट आले.

कोळसा काढताना मध्ये चौकोनी खांब सोडत जायचे, ही इथली रूढ रीत. शेवटी परतताना तेच खांब काढून घ्यायचे. हे काम सगळ्यांत धोक्याचे, कारण मागे मोकळी झालेली जागा, म्हणजे गोफ, आपणहून कोसळत येते. वर गाव, रस्ता किंवा नदी असेल, तर पोकळीत पाण्याबरोबर वाळू भरावी लागते. भोके पाडणारे, सुरुंग उडवणारा शॉटफायरर, टोपल्यांनी टब भरणारे लोडर, टब ढकलणारे ट्रॅमर, हॉलेजचा दोर सांभाळणारे, पंप चालवणारे असे सगळे मिळून एक पाळी होते. लोडरच्या टोपलीची जागा पुढे एसडीएल आणि एलएचडी या कोळसा भरणाऱ्या यंत्रांनी घेतली. पाठीवरचे ओझे गेले, पण धूळ आणि गोंगाट वाढला.

फुफ्फुसात साठणारी कोळशाची धूळ हळूहळू दम आणते. तिचा परिणाम दिसायला वर्षे लागतात आणि तोवर माणूस निवृत्त झालेला असतो. ठरावीक वर्षांनी होणारी वैद्यकीय तपासणी म्हणूनच महत्त्वाची आहे. ती निवृत्तीनंतरही चालू राहिली पाहिजे, असे इथे आग्रहाने नोंदवतो.

कॉलरीतले घर

खाणीच्या आधाराने जी वसाहत उभी राहते तिला आपल्याकडे ‘कॉलरी’च म्हणतात. क्वार्टरच्या रांगा, एक दवाखाना, एक शाळा, एक मैदान आणि आठवडी बाजार असा तिचा साधारण नकाशा. पण तिची खरी ओळख तिच्या मिसळीत आहे. घरात तेलुगू, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी आणि बाजारात या तिन्हींची सरमिसळ, अशी भाषा कॉलरीतली मुले सहज बोलतात. बल्लारपूर भागात तेलुगू घरांतून बतुकम्मा मांडली जाते, नदीच्या घाटावर छठपूजेला गर्दी होते आणि कार्यशाळांत १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा होते. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा भरते तेव्हा मराठवाड्यातून आलेल्या भाविकांचे जथे शहरात उतरतात.

चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. नागपूरनंतर दोनच दिवसांनी झालेल्या त्या सोहळ्याने इथल्या वस्त्यांना नवे भान दिले. ज्यांच्या आजोबांनी ठेकेदाराचे टब भरले, त्यांची नातवंडे डिप्लोमा आणि पदवी घेऊन ओव्हरमन, सर्वेक्षक, अभियंता, डॉक्टर झाली. खाणीच्या नोकरीने आपल्या भागातल्या हजारो घरांना दिलेली ही सगळ्यांत मोठी देणगी आहे. दसऱ्याच्या तोंडावर बोनसऐवजी मिळणारा पीएलआर (कामगिरीशी निगडित बक्षीस) २०२४ मध्ये ९३,७५० रुपये होता. तो हातात आला की राजुरा, वणी, भद्रावती, उमरेडच्या बाजारपेठा कशा फुलतात ते तिथले दुकानदार सांगतील.

उघड्या खाणींचे पर्व

उमरेडला १९६० च्या दशकात उघडी खाण सुरू झाली तेव्हा ती नवलाई होती. कोळशावरची माती-दगड आधी काढायची, मग थर उघडा करून यंत्रांनी उचलायचा. राष्ट्रीयीकरणानंतर विजेची भूक वाढत गेली. नागपूरजवळ कोराडी आणि खापरखेडा, चंद्रपूरला दुर्गापूरच्या शेजारचे महाऔष्णिक केंद्र अशी मोठी गिऱ्हाइके उभी राहिली. चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता आज २,९२० मेगावॉट आहे आणि महाराष्ट्रातल्या घराघरांतल्या दिव्यांत त्याचा वाटा मोठा आहे. एवढा कोळसा भूमिगत खाणींतून वेळेत निघणे शक्य नव्हते. दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती, निलजई, उकणी, मुंगोली, गोंडेगाव अशा उघड्या खाणी वाढत गेल्या. काही जुन्या भूमिगत खाणींच्या जागीही उघडी खाण आली. आज वेकोलिचे बहुतेक सगळे उत्पादन उघड्या खाणींतून येते.

१९८५-८६ मध्ये छत्तीसगढकडची मोठी क्षेत्रे वेगळी होऊन साउथ ईस्टर्न कोलफिल्ड्स ही नवी कंपनी झाली. वेकोलिकडे राहिले विदर्भातले नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्हे आणि मध्य प्रदेशातले छिंदवाडा-बैतूल. जाड थर तिकडे गेले, इकडे कोळशापर्यंत पोचायला जास्त माती उचलावी लागणाऱ्या खाणी उरल्या. अशा स्थितीतही अलीकडच्या वर्षांत वेकोलिने वर्षाला सहा कोटी टनांचा टप्पा ओलांडला आहे. हे यश शॉवेल, डंपर आणि ड्रॅगलाइन चालवणाऱ्यांचे, देखभाल करणाऱ्यांचे आणि आराखडे आखणाऱ्यांचे आहे.

त्याची दुसरी बाजू गावांनी सोसली. भूमिगत खाण शेताखालून जाते, उघडी खाण शेतच घेते. कोळसाधारक क्षेत्रांचे संपादन १९५७ च्या कायद्याने होते आणि वर्धा, पैनगंगा, इरईच्या काठची कापूस-तुरीची काळी जमीन त्यात गेली. दोन एकरांमागे एक नोकरी हे कोल इंडियाचे सूत्र आहे. ज्यांची जमीन दोन एकरांहून कमी होती, ज्यांच्या नावावर सातबाराच नव्हता, जे दुसऱ्याच्या शेतात मजुरी करत होते, त्यांच्या वाट्याला काय आले, या प्रश्नावर प्रकल्पग्रस्तांची आंदोलने दशकानुदशके चालू आहेत. ती आंदोलनेही संस्थेच्या इतिहासाचा भाग आहेत. नोकरी मिळालेला मुलगा आणि शेती गेलेला बाप एकाच घरात राहतात.

मातीचे डोंगर उभे राहिले, ओढ्यांच्या वाटा बदलल्या, सुरुंगांनी भिंतींना भेगा पडल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, तेव्हा चंद्रपूरचा प्रदूषण निर्देशांक ८३.८८ आला आणि अतिप्रदूषित क्षेत्रांत त्याचा क्रमांक देशात चौथा लागला. त्याच वर्षी ताडोब्याला लागून असलेल्या लोहारा कोळसापट्ट्यातली खाजगी खाण लोकांच्या विरोधापुढे रद्द झाली. वाघांच्या वाटा राखायच्या की कोळसा काढायचा, हा प्रश्न चंद्रपूरकरांनी रस्त्यावर येऊन सोडवला. सगळ्या प्रदूषणाचे खापर एका खाणउद्योगावर फुटत नाही, त्यात वीजकेंद्र आणि सिमेंटचे कारखानेही आहेत. पण आपला वाटा आपण मान्य केला, तरच तो कमी करण्याचे काम मनापासून होईल.

नवे प्रयत्न

गेल्या दहा वर्षांत काही चांगल्या वाटा सापडल्या आहेत. उघड्या खाणीतून काढलेल्या मातीतली वाळू वेगळी करून ती घरबांधणीला देण्याचा प्रकल्प नागपूर भागात उभा राहिला. नदीपात्रातला उपसा त्या प्रमाणात वाचला आणि गोरगरिबांच्या घरकुलांना स्वस्त वाळू मिळाली. खाणीतले उपसलेले पाणी शुद्ध करून पाटणसावंगीला ‘कोल नीर’ तयार होते. सावनेर आणि गोंडेगावला खाण-पर्यटन सुरू झाले, त्यामुळे शहरातल्या मुलांना वीज कुठून येते ते डोळ्यांनी पाहता येते. २०१९ पासून स्त्रियांना दिवसाच्या वेळी भूमिगत खाणीतल्या तांत्रिक आणि पर्यवेक्षक पदांवर काम करण्याची मुभा मिळाली. टोपली घेऊन उतरणाऱ्या त्या आजींच्या पणत्या आता नकाशा आणि वायुमापक घेऊन उतरू शकतात.

एक काळजी मात्र वाढली आहे. कायम कामगारांची संख्या घटत गेली आणि माती उचलण्याचे बरेच काम खाजगी कंत्राटदारांकडे गेले. एकाच खाणीत, एकाच उन्हात, शेजारी शेजारी काम करणाऱ्या दोघांच्या पगारात, घरात आणि दवाखान्यात अंतर पडले. ठेकेदारी संपवायला १९७३ चा निर्णय झाला होता, हे आज विसरता कामा नये. कंत्राटी कामगाराला ठरलेला वेतनदर, सुरक्षेचे प्रशिक्षण आणि उपचार पूर्ण मिळणे हा सुवर्णमहोत्सवी वर्षाचा पहिला संकल्प असावा.

खाण संपल्यावर

जगातल्या जुन्या कोळसाक्षेत्रांनी खाणी संपण्याचा मुक्काम आपल्याआधी गाठला आहे. ब्रिटनमध्ये १९८४-८५ चा मोठा संप मोडल्यावर खाणी भराभर बंद झाल्या. वेल्स आणि यॉर्कशायरमधल्या वस्त्या पिढीभर सावरल्या नाहीत. जर्मनीच्या रूर भागाने दुसरा मार्ग धरला. तिथली शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली, पण त्याआधीची अनेक वर्षे सरकार, कंपनी आणि संघटनांनी मिळून निवृत्ती, बदल्या आणि नवे प्रशिक्षण यांचे वेळापत्रक ठरवले होते. एसेनची झोलफेराइन खाण आज जागतिक वारसास्थळ आहे. खाणींत पाणी चढू नये म्हणून तिथले पंप मात्र पुढेही चालू ठेवावे लागणार आहेत आणि त्या खर्चाची तरतूदही आधीच झाली आहे.

आपल्याकडेही २००९ पासून प्रत्येक खाणीला बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी वेगळ्या खात्यात रक्कम ठेवणे सक्तीचे आहे. खड्डा भरणे, माती बसवणे, झाडे लावणे या गोष्टी त्या आराखड्यात असतात. त्यांच्या बरोबरीने वस्तीचा आराखडाही हवा. खाण बंद झाल्यावर दवाखाना कोण चालवणार, क्वार्टर कोणाच्या नावावर होणार, पाण्याची योजना ग्रामपंचायत की नगरपरिषद घेणार, उरलेली जमीन मूळ शेतकऱ्यांना किंवा त्यांच्या सहकारी संस्थांना कसण्याजोगी करून देता येईल का, शाळेतल्या मुलांना कोणत्या नव्या कामाचे शिक्षण द्यायचे, याची उत्तरे शेवटचा टब निघण्याच्या कितीतरी आधी लिहून ठेवायला हवीत. घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, दुर्गापूर, सिलेवाडा, उमरेड या गावांचे आयुष्य त्यांच्या खाणींपेक्षा मोठे आहे.

आणखी एक काम आपल्याच हातातले आहे. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने जुन्या हजेरीपटांतून आणि निवृत्त कामगारांच्या तोंडून त्या त्या खाणीचा इतिहास लिहून घ्यावा. कामावर मरण आलेल्यांची नावे खाणीच्या फाटकावर कोरावीत. जमीन दिलेल्या गावांची यादी आणि संपादनाचे वर्ष त्याच भिंतीवर असावे. ज्यांनी हे सगळे पाहिले ते लोक आता सत्तरी-ऐंशीत आहेत. वरोऱ्याच्या कामगारांची नावे आपण गमावली. सिलेवाड्याच्या दहा जणांपासून ही नोंद सुरू करावी आणि शताब्दीची स्मरणिका काढणाऱ्यांच्या हाती ती पूर्ण होऊन जावी, एवढी जबाबदारी या पन्नासाव्या वर्षात वेकोलिने उचलायला हवी.